विसाव्या मिनिटाला आवाज गप्प: सर्व्हरवरच्या रिप केलेल्या पिक्चरचं जुनं दुखणं

आधी लक्षण सांगतो म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल, नसेल तर खाली इतर दुखणीही लिहिलीयेत, सरळ तिकडे जा. तर पिक्चर मस्त चालू असतो, चित्र झकास, आवाज खणखणीत, आणि विसाएक मिनिटं झाली की आवाज जातो. खरखर नाही, अडखळणं नाही, हळूहळू बारीक होणं नाही, कोणीतरी म्यूटचं बटण दाबावं तसा फटकन जातो. चित्र चालूच, सबटायटल चालूच, पात्रं नुसती तोंडं हलवतायत. बंद करून परत लावलं की आवाज हजर, आणि थोड्या वेळाने परत तेच रडगाणं.

आमच्याकडे हे जवळजवळ दोन महिने चाललं होतं. एक जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात ठेवून त्याचा सर्व्हर केलाय, त्यात चार टेराबाइटची हार्ड डिस्क, कपाटातल्या डिस्क एकेक करून रिप करून, म्हणजे त्यातला पिक्चर फाइल म्हणून उतरवून, त्यात चढवलेल्या, वर जेलीफिन, म्हणजे घरातल्या सर्व्हरवरचे पिक्चर दाखवणारं सॉफ्टवेअर. हॉलमध्ये टीव्हीला ब्लू-रे प्लेयर जोडलेला आहे, तो घरातल्या नेटवर्कवरून डीएलएनएने (यंत्रांनी एकमेकांचे पिक्चर-गाणी चालवायची एक ठरलेली पद्धत) सर्व्हरवरची यादी दाखवतो, आणि बाबांना त्याचा रिमोट पाठ आहे म्हणून हॉलमध्ये सगळं त्याच प्लेयरवरून बघायचं असा रिवाज. आवाज गेला की बाबा व्हॉल्यूम वाढवणार. वाढवत वाढवत पार टोकाला नेणार, काही होत नाही म्हणून पिक्चर बंद करून परत लावणार, आणि मग पहिलाच डायलॉग असा दणकन यायचा की आतल्या खोलीतून आई धावत बाहेर. मग मला हाक, "अरे, तुझा तो डबा परत मुका झाला बघ."

मी काय काय केलं ते सांगतो, कारण तुम्हीही हेच करत बसला असाल. एचडीएमआय केबल बदलली. प्लेयरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट केलं (हे तर उलट अंगाशी येऊ शकतं, का ते पुढे येईलच). राउटर रीस्टार्ट. सर्व्हरवर ट्रान्सकोडिंग (चालवता चालवता फाइल दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलणं) बंद करून बघितलं, मग चालू करून बघितलं. मला वाटलं फाइलमधला डीटीएस नावाच्या फॉरमॅटमधला आवाज प्लेयरला झेपत नसेल, म्हणून एका रात्रीत पंचवीसेक पिक्चरचे ऑडिओ ट्रॅक डॉल्बी डिजिटलमध्ये बदलून घेतले, सकाळपर्यंत त्या जुन्या कॉम्प्युटरचा पंखा विमानासारखा ओरडत होता, आणि संध्याकाळी लावला पिक्चर तर विसाव्या मिनिटाला गप्प. शेवटी फाइल पेनड्राइव्हवर घेऊन तो थेट प्लेयरला लावला, म्हणजे नेटवर्कचा प्रश्नच मिटला. तरी गप्प. मला तेव्हा पहिल्यांदा शंका आली की बिघाड वगैरे काही नाहीये, हा प्लेयर हे मुद्दाम करतोय.

आणि तसंच होतं. एकदा मोबाइल बाजूला ठेवून मी नुसता स्क्रीनकडे बघत बसलो. आवाज जाताना स्क्रीनवर एक मेसेज येतो, काही सेकंदच राहतो, आणि नेमकं त्या वेळी सगळे रिमोट शोधत असतात म्हणून कोणी वाचत नाही. इंग्रजीत असतो, मतलब असा की आवाज तात्पुरता बंद केलाय, व्हॉल्यूम कमीजास्त करू नका, हा मजकूर सिनाव्हियाने संरक्षित आहे आणि या यंत्रावर चालवायची परवानगी नाही. पुढे मेसेज कोड ३. व्हॉल्यूमला हात लावू नका हे त्यात लिहिलेलंच असतं, म्हणजे आमच्या बाबांसारखी माणसं त्यांनी आधीच गृहीत धरलेली.

आता सिनाव्हिया काय प्रकार आहे ते जरा नीट सांगतो, कारण हे कळलं की कुठले उपाय फुकट जाणार ते आपोआप कळतं. आपल्याला डिस्कचं संरक्षण म्हटलं की कुलूप आठवतं. डीव्हीडीला सीएसएस, ब्लू-रेला एएसीएस, दोन्हीत डेटा कुलूपबंद असतो आणि किल्ली असलेला प्लेयरच तो उघडतो. रिप करताना ते कुलूप निघतं, फाइल मोकळी होते, आणि आपण म्हणतो झालं काम. सिनाव्हिया कुलूप नाही, ती खूण आहे. व्हेरन्स नावाच्या कंपनीने काढलेला हा ऑडिओ वॉटरमार्क, तो फाइलच्या कुठल्या हेडरमध्ये किंवा वेगळ्या ट्रॅकमध्ये नसतो, प्रत्यक्ष आवाजाच्या लहरींमध्येच मिसळलेला असतो. कानाला कळत नाही पण यंत्राला ओळखता येतो. आवाजातच असल्यामुळे फॉरमॅट बदला, बिटरेट कमी करा, पाच पॉइंट एकचं स्टिरिओ करा, तो तिथेच राहतो. अगदी स्पीकरसमोर माइक धरून रेकॉर्ड केलं तरी टिकावा अशाच हिशोबाने तो बनवलाय. माझी ती रात्रभराची ट्रॅक बदलायची मेहनत म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी होतं.

प्लेयरच्या डोक्यात काय चालतं बघा. तो आवाज ऐकत असतो. काही वेळ सलग खूण सापडत राहिली की त्याची खात्री पटते की हा आवाज घरी बघायला विकलेल्या एखाद्या डिस्कवरचा आहे. मग तो स्वतःला विचारतो, मी आत्ता जे चालवतोय ते एएसीएसचं कुलूप असलेल्या खऱ्या डिस्कवरून येतंय का? येत असेल तर ठीक, चालू द्या. पण खूण तर आहे आणि कुलूप मात्र नाही, म्हणजे कोणीतरी कुलूप काढून कॉपी केलीये, बंद करा आवाज. म्हणजे खूण सापडणं हा गुन्हा नाहीये, खुणेसोबत कुलूप न सापडणं हा गुन्हा. म्हणून तीच मूळ डिस्क त्याच प्लेयरमध्ये घातली की शेवटच्या नामावलीपर्यंत आवाज व्यवस्थित येतो. आम्ही ते करून बघितलं, विसावं मिनिट आलं तेव्हा बाबा आणि मी दोघंही घड्याळाकडे बघत होतो, काही झालं नाही. रिप केलेली तीच फाइल कोऱ्या ब्लू-रे डिस्कवर बर्न करून लावली तरी मात्र हाच प्रकार होणार, कारण कोऱ्या डिस्कवर ते कुलूप येत नाही.

हे सगळ्या प्लेयरमध्ये का आलं तर एएसीएसच्या लायसन्सच्या अटीतच ते घातलं गेलं. ब्लू-रेवर हे प्रकरण २०१० च्या सुमाराला सुरू झालं आणि १ फेब्रुवारी २०१२ नंतर लायसन्स मिळालेल्या प्रत्येक ब्लू-रे प्लेयरमध्ये ही तपासणी सक्तीची झाली. त्याआधीच्या काही प्लेयरमध्ये नव्हतं पण पुढे अपडेटमधून आलं, प्लेस्टेशन ३ चं तसंच झालं. म्हणून वर म्हणालो की फर्मवेअर अपडेट अंगाशी येऊ शकतं, काल चालणारी फाइल अपडेटनंतर मुकी झाली असेल तर सर्व्हरला शिव्या देऊ नका.

आता खात्री कशी करायची. मला सगळ्यात कामाची वाटलेली गोष्ट म्हणजे आवाज घड्याळावर जातो की सीनवर, ते बघायचं. पिक्चर सुरुवातीपासून लावा, आवाज कुठल्या सीनला गेला ते लक्षात ठेवा. मग परत लावून एकदम चाळीसाव्या मिनिटाला उडी मारा आणि तिथून बघत बसा. आमच्याकडे तिथूनही पुढे साधारण तेवढाच वेळ आवाज यायचा आणि मग जायचा, म्हणजे सीन वेगळा पण चालवल्यापासूनचा वेळ तोच. फाइल खराब असती तर दर वेळी त्याच सीनला अडली असती. आणि नेटवर्क किंवा हार्ड डिस्कची भानगड असती तर कधी पाचव्या मिनिटाला कधी पन्नासाव्या, आणि चित्रही अडखळलं असतं, नुसता आवाज इतका शिस्तीत गेला नसता. दुसरं म्हणजे तीच फाइल लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये अर्धा तास चालू ठेवा. लॅपटॉपवर ठणठणीत आणि ब्लू-रे प्लेयरवर मुकी, तर समजून जा. आणि तिसरं, मेसेज वाचा बाबांनो. कोड बघा. ३ असेल तर वर सांगितलेलं. १ आला आणि पिक्चरच थांबला तर ती खूण थिएटरच्या प्रिंटमधली आहे, म्हणजे तुमची फाइल डिस्कवरून आलेलीच नाहीये, कोणीतरी थिएटरात बसून रेकॉर्ड केलेली आहे, त्यावर माझ्याकडे उपाय नाही आणि शोधायचाही नाही. २ आणि ४ कॉपी करताना येतात, चालवताना नाही.

उपाय म्हणाल तर सरळ आहे आणि जरा निराश करणारा आहे: ब्लू-रे प्लेयरला सर्व्हरवरचं चालवायला लावूच नका. ही तपासणी एएसीएसचं लायसन्स घेतलेल्या यंत्रात आणि सॉफ्टवेअरमध्ये असते. टीव्हीतलं स्वतःचं ॲप, स्ट्रीमिंगची छोटी काडी किंवा डबी, कोडी हे पिक्चर बघायचं सॉफ्टवेअर चालवणारा छोटा कॉम्प्युटर, मोबाइल, यांना ब्लू-रे डिस्क वाचायचीच नसते म्हणून त्यांनी ते लायसन्स घेतलेलं नसतं आणि म्हणून ते आवाजात खूण शोधत बसत नाहीत. मी टीव्हीवर जेलीफिनचं ॲप टाकलं, बाबांना दोन दिवस नवीन रिमोटची कटकट झाली, तिसऱ्या दिवशी विषय संपला. प्लेयर तिथेच आहे, डिस्क लावायला. आणि ज्याला हॉलमध्ये त्याच प्लेयरवर बघायचंय त्याने मूळ डिस्क लावावी, ते शंभर टक्के चालतं. वॉटरमार्क काढून देतो म्हणणारी सॉफ्टवेअर मिळतात, पण खूण आवाजातच असते म्हणजे आवाजालाच हात लावावा लागणार, आणि त्यात कायद्याचा गुंता आहेच, मी त्या वाटेला गेलो नाही.

पण प्लेयर बाजूला केला की नवीन दोन-तीन प्रश्न उभे राहतात आणि लोकांना वाटतं जुनाच रोग परत आला. तसं नाहीये. टीव्हीच्या ॲपवर पहिल्या सेकंदापासून आवाज नसेल तर तो सिनाव्हिया नाही, तुमच्या टीव्हीला डीटीएस किंवा ट्रूएचडी हे आवाजाचे फॉरमॅट कळत नाहीयेत. अशा वेळी सर्व्हरला आवाज ट्रान्सकोड करू द्या, जुन्या कॉम्प्युटरलाही नुसता आवाज बदलायला फार ताकद लागत नाही, किंवा डिस्कवर बहुतेक वेळा साधा डॉल्बी डिजिटलचा ट्रॅकही असतो, रिप करतानाच तो सोबत घ्या. चित्र दर काही मिनिटांनी थांबून गोल फिरत असेल आणि पिक्चर फोर-के डिस्कवरचा असेल तर टीव्हीच्या मागचं लॅन पोर्ट बघा. बऱ्याच टीव्हीचं ते पोर्ट अजून सेकंदाला १०० मेगाबिटचंच असतं, आणि फोर-के ब्लू-रेचा वेग त्याच्याही वर जाऊ शकतो, मग हाणामारीचा सीन आला की पाइप तुंबतो. आमच्याकडे केबल काढून पाच गिगाहर्ट्झचं वायफाय लावल्यावर चालायला लागलं, केबलपेक्षा वायफाय बरं असं मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो. साधी ब्लू-रे यापेक्षा खूप खाली असते, चित्र-आवाज मिळून जास्तीत जास्त ४८ मेगाबिट, आणि डीव्हीडी तर जेमतेम १०, त्यामुळे त्यांना हा त्रास नाही. आणि सबटायटल चालू केलं की सगळं रखडतं अशी तक्रार असेल तर डिस्कवरची सबटायटलं अक्षरं नसून चित्रं असतात हे लक्षात घ्या, ॲपला ती दाखवता आली नाहीत तर सर्व्हर ती प्रत्येक फ्रेमवर चिकटवत बसतो, म्हणजे अख्खा व्हिडिओ नव्याने बनवतो. तिथे अक्षरी सबटायटलची फाइल शेजारी ठेवली की कॉम्प्युटर श्वास घेतो.

आता रिप करतानाच जी दुखणी लागतात त्यांच्याबद्दल, कारण सर्व्हरवर दिसणारे निम्मे प्रॉब्लेम तिथेच जन्माला आलेले असतात.

सगळ्यात कॉमन, डीव्हीडी कॉम्प्युटरमध्ये घातली, फोल्डर उघडला, त्यातल्या व्हीओबी फाइल (डीव्हीडीवरचा पिक्चर याच फाइलमध्ये असतो) सरळ कॉपी-पेस्ट केल्या, साइज बरोबर, फाइलही उघडते, पण चित्रात नुसते हिरवे-गुलाबी चौकोन आणि आवाज म्हणजे किंचाळ्या. डिस्क खराब नाहीये. सीएसएसची एक किल्ली डिस्कच्या सुरुवातीच्या अशा भागात असते जो फाइल म्हणून दिसतच नाही, ड्राइव्हशी ओळखपाळख झाल्याशिवाय तो मिळत नाही. तुम्ही घर कॉपी केलंत, किल्ली तिकडेच राहिली. हे कुलूप तसं फार तकलादू, चाळीस बिटचं, १९९६ साली आलं आणि १९९९ मध्ये डीसीएसएस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने उघडलंही, त्यावरून नॉर्वेत यॉन लेक योहानसेन या पोरावर खटला झाला आणि २००३ मध्ये तो निर्दोष सुटला. पण तकलादू असलं तरी कॉपी-पेस्टला पुरून उरतं.

दुसरं, दुसऱ्या देशातून आलेली डीव्हीडी ड्राइव्ह वाचतच नाही. तो रीजन कोड, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालेल ते ठरवणारी खूण. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये रीजन पाचच वेळा बदलता येतो, पाचव्यांदा बदललात की जो असेल तो कायमचा, विंडोज नव्याने टाकून काही होत नाही कारण ते ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये कोरलेलं असतं. त्यामुळे डायलॉग बॉक्स आला की ओके दाबायची सवय इथे महागात पडते. माझ्या एका मित्राने चार डिस्कसाठी चार वेळा बदलून पाचवा चान्स आता जपून ठेवलाय. ब्लू-रेला रीजन ए, बी, सी असे तीनच आणि ते ड्राइव्ह नाही तर प्लेयर बघतो, फोर-के डिस्कला रीजनच नाही.

तिसरं, रिप अमुक टक्क्यांवर अडकतं, किंवा साडेआठ जीबीच्या डिस्कमधला डेटा साठ जीबी दाखवतो, किंवा टायटलच्या यादीत एकदम ९९ टायटल दिसतात. ९९ ही डीव्हीडीवरच्या टायटलची कमाल मर्यादा, सगळी भरलेली दिसली की समजायचं कोणीतरी मुद्दाम भरलीयेत. काही डिस्कवर जाणूनबुजून खराब सेक्टर (वाचताच न येणारे तुकडे) आणि खोटी टायटल घातलेली असतात. साधा प्लेयर मेनूच्या रस्त्याने जातो, त्याला ती कधी लागतच नाहीत, पण अख्खी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारं सॉफ्टवेअर नेमकं त्या खड्ड्यात जाऊन पडतं. म्हणून अख्खी डिस्क न घेता फक्त मेन टायटल घ्यायचं. पण त्याआधी डिस्क उजेडात धरून ओरखडा नाही ना ते बघा, मी एकदा दोन तास संरक्षणाला नावं ठेवली आणि निघाला बोटाचा तेलकट ठसा.

चौथं जरा मजेशीर आहे आणि यात मी अख्खा रविवार घालवलाय. पिक्चर रिप झाला, सर्व्हरवर चढला, आवाज चित्र सगळं उत्तम, आणि बघताना अर्ध्या तासाने लक्षात येतं की जो माणूस मेला तो परत बोलतोय. फ्लॅशबॅक असेल म्हणून आपण गप्प बसतो. मग लग्न आधी आणि ओळख नंतर. ब्लू-रेवर पिक्चर एकसंध फाइल नसतो, अनेक तुकडे असतात आणि ते कुठल्या क्रमाने जोडायचे ते एका प्लेलिस्ट फाइलमध्ये लिहिलेलं असतं. काही डिस्कवर अशा शेकडो प्लेलिस्ट घालतात, सगळ्यांची लांबी जवळजवळ सारखी, तुकडे तेच, क्रम मात्र उलटासुलटा, आणि खरी त्यातली एकच. रिपिंगचं सॉफ्टवेअर लांबी बघून निवडतं आणि फसतं. खरी शोधायचा खात्रीचा मार्ग म्हणजे डिस्क कॉम्प्युटरवरच्या लायसन्सवाल्या प्लेयरमध्ये मेनूतून लावायची, पाच-दहा मिनिटं चालू द्यायची आणि माहितीच्या खिडकीत कुठल्या नंबरची प्लेलिस्ट चालू आहे ते बघायचं, मग रिप करताना तोच नंबर निवडायचा. अनेक डिस्कवर ती ८०० नंबरची असते म्हणून लोक डोळे झाकून ८०० घेतात, पण जिथे मुद्दाम घोळ घातलाय तिथे हा नियम चालत नाही. रिप झाल्यावर सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी बघून भागत नाही, तुकडे जिथे जोडलेत ते जोड बघावे लागतात.

पाचवं दुखणं नवीन डिस्क घेणाऱ्यांचं. नवी ब्लू-रे आणली, ड्राइव्हमध्ये घातली, सॉफ्टवेअर म्हणालं उघडता येत नाही. ठीक, नवीन आहे. पण मग जुनी, गेल्या महिन्यात चाललेली डिस्क घातली तर तीही नाही! हे भूताटकीसारखं वाटतं पण कारण साधं आहे. प्रत्येक ब्लू-रेवर रद्द केलेल्या सॉफ्टवेअर किल्ल्यांची यादी असते, आणि नवी डिस्क घातली की ड्राइव्ह ती नवी यादी स्वतःत साठवून घेतो. तुमच्या सॉफ्टवेअरची जुनी किल्ली त्या यादीत असेल तर ड्राइव्ह त्याच्याशी बोलणंच बंद करतो, मग डिस्क जुनी असो की नवी. ड्राइव्ह मागे नेता येत नाही, सॉफ्टवेअर पुढे न्यावं लागतं, म्हणून आधी अपडेट आणि मग नवी डिस्क हा क्रम पाळा. २००७ मध्ये एएसीएसची एक किल्ली, ०९ एफ९ ने सुरू होणारी, सगळीकडे पसरली होती तेव्हापासून ही उंदीर-मांजराची पळापळ चालूच आहे.

कायद्याचं एकदा सांगून मोकळा होतो. डिस्क माझी, पैसे माझे, सर्व्हर माझा, मग कोणाचं काय जातं, हे मलाही वाटतं, पण अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए कायद्याने कॉपी करणं सोडाच, कुलूप उघडणंच वेगळा गुन्हा ठरतं, आणि ब्रिटनमध्ये २०१४ मध्ये स्वतःपुरती कॉपी करायची मुभा आली आणि २०१५ मध्ये कोर्टाने ती काढूनही घेतली. तुम्ही जिथे राहता तिथला कायदा बघा. आणि हे नुसतं आपल्यासारख्या हौशी लोकांचं नाही. कॅलिडोस्केप नावाची कंपनी श्रीमंतांच्या घरी पिक्चरचे सर्व्हर बसवायची, रीतसर सीएसएसचं लायसन्स घेऊन. तिच्यावर डीव्हीडीचं कुलूप सांभाळणाऱ्या संघटनेने २००४ मध्ये केस केली, मुद्दा एवढाच की चालवताना मूळ डिस्क आत असायला हवी की नको. २००७ मध्ये कंपनी जिंकली, २००९ मध्ये अपिलात निकाल फिरला, २०१४ मध्ये तडजोड झाली. तोवर त्यांनी ब्लू-रेसाठी काय केलं असेल, तर ३२० डिस्क मावतील असं एक कपाटच विकायला काढलं. पिक्चर चालायचा हार्ड डिस्कवरून, पण ती डिस्क त्या कपाटात बसलेली आहे ना हे सर्व्हर तपासायचा. डिस्क कपाटात आणि पिक्चर हार्ड डिस्कवर, म्हणजे आमच्या घरात आहे तेच, फक्त आमच्या कपाटाला वायर नाहीये. आणि गंमत म्हणजे मॅनेज्ड कॉपी नावाची, रीतसर एक कॉपी करू द्यायची सोय एएसीएसच्या करारात लिहिलेली होती, ती नीट बाजारात आली असती तर मला हे सगळं लिहायला लागलं नसतं.

एवढं करूनही आवाज जातच असेल तर कोणाला विचारायला जाल तेव्हा एवढं तरी सांगा: चालवताय कशावर, फाइल डीव्हीडीची, ब्लू-रेची की फोर-केची, आवाज लावल्यापासून किती मिनिटांनी जातो, मधून लावलं तर किती मिनिटांनी जातो, आणि स्क्रीनवर कुठला कोड आला. नुसतं "आवाज येत नाही" एवढंच म्हणालात तर समोरचा माणूस केबल बदलायला सांगणार, आणि घरात आधीच तीन जास्तीच्या केबल पडलेल्या असतात.